हौदातलं पाणी किती महिने?



संयोजकांनी मला ‘चाळिशीनंतरची बचत’ असा विषय दिला होता. मी गुंतवणूक सल्लागार नाही, सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. त्यामुळे कुठला फंड घ्यावा हे मी सांगणार नाही. जेवणाच्या रांगेत हळूच विचारलंत तरी सांगणार नाही. मला एकच प्रश्न विचारायचा आहे. पगार, दुकानाचा गल्ला, भाडं, घरात येणारं सगळं उद्यापासून थांबलं तर तुमचं घर किती महिने चालेल? रुपये नकोत, महिने सांगा.

गणिताच्या बाई समोरच बसल्या आहेत. बाई, तुमची हौदाची गणितं आठवतात. एक नळ हौद ४ तासांत भरतो, दुसरा ६ तासांत रिकामा करतो, दोन्ही एकदम सोडले तर काय? भरणारा नळ बंदच पडला तर, असं तुम्ही कधी विचारलं नाहीत. ते फारच सोपं झालं असतं. हौदातलं पाणी भागिले दर तासाला जाणारं पाणी, संपलं. घराचा भागाकार मात्र इतका सरळ नसतो.

उदाहरणासाठी मुलुंडमधलं एक घर कल्पून आणलं आहे. नवरा-बायको दोघं नोकरीत, मुलगी अकरावीत, मुलगा सातवीत, सोबत सासूबाई. महिन्याचा खर्च असा: घराच्या कर्जाचा हप्ता ४२ हजार, सोसायटीचा मेंटेनन्स साडेपाच, फी आणि क्लास सरासरी १४, किराणा-दूध-भाजी-गॅस २२, वीज-मोबाइल-इंटरनेट साडेपाच, सासूबाईंची औषधं ६, कामवाल्या मावशी साडेचार, जाणंयेणं आणि किरकोळ साडेदहा. एकूण १ लाख १० हजार. शिल्लक बघा: बचत खात्यात दीड लाख, एफडी ६ लाख, म्युच्युअल फंड ८, पीपीएफ ९, दोघांचा प्रॉव्हिडंट फंड १४, सोनं १० लाखांचं. बेरीज साडेअठ्ठेचाळीस लाख. भागाकार केला तर ४४ महिने. साडेतीन वर्षांच्या वर! हे घर रात्री शांत झोपतं.

आता यातलं पहिल्या आठवड्यात हातात येईल असं काय आहे? बचत खातं आणि एफडी, साडेसात लाख. म्हणजे ७ महिनेसुद्धा पूर्ण नाहीत. पीपीएफमधून सातव्या वर्षापासून वर्षातून एकदा, तेही ठरावीक भागच काढता येतो. प्रॉव्हिडंट फंड नोकरी सुटल्याच्या दिवशी मिळत नाही, आणि तो खरं तर साठीनंतरचा आहे. म्युच्युअल फंड विकता येतात, पण नोकऱ्या जातात तेव्हा बाजारही बऱ्याचदा पडलेला असतो. जानेवारी २०२० मध्ये ४२ हजारांजवळ असलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६ हजारांच्या खाली बंद झाला होता. त्या आठवड्यात ८ लाखांचे ५ धरावे लागले असते. सोन्याबद्दल मी काही बोलत नाही. ते मोडायचं की नाही हे नवरा-बायकोने, आणि सासूबाईंनी, आधी ठरवून ठेवावं. वेळ आल्यावर ठरवू नये.

‘तेव्हा खर्च निम्म्यावर आणू’ असं सगळे म्हणतात. आणून बघा. वरच्या यादीतला हप्ता, मेंटेनन्स, फी, औषधं यांना हात लावता येत नाही. तेच साडेसदुसष्ट हजार होतात. उलट एक खर्च वाढतो. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, आणि सासूबाईंची पॉलिसी त्या वयात नव्याने घ्यावी लागते.

हे झालं कल्पनेतलं घर. आपल्या उपनगरांत २०१९ साली हे खरंच घडलं, आणि दोन तऱ्हांनी घडलं.

जेट एअरवेजचं मुख्य कार्यालय अंधेरीत होतं. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेलं विमान हे त्यांचं शेवटचं. हजारो कर्मचाऱ्यांचं उत्पन्न थांबलं. पण त्या रात्री थांबलं असं नाही, पगार आधीच रखडू लागले होते. म्हणजे हौदातलं पाणी आधीपासून उपसलं जात होतं. आणि नंतर ‘कंपनी पुन्हा उडणार’ या बातम्या वर्षानुवर्षं येत राहिल्या; अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढायचा आदेश दिला. मला यातली आशा जास्त घातक वाटते. पुढच्या महिन्यात सुरू होईल, या भरवशावर माणूस खर्चही तसाच ठेवतो आणि दुसरी नोकरी शोधायचंही लांबवतो.

आपल्या सरांच्या पिढीने हे गिरणगावात पाहिलं आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आपल्यातल्या काहींची कुटुंबं त्यानंतरच लालबाग-परळ सोडून मध्य रेल्वेने इकडे सरकली. त्यांच्याकडे एफडी नव्हत्या. तरी कित्येक घरं टिकली ती गावच्या तांदळावर, वाण्याच्या वहीवर, बायकांनी चालवलेल्या खानावळींवर. त्या काळाचं कौतुक करायचं नाही मला; किती संसार मोडले तेही सरांना ठाऊक आहे. फक्त एवढंच बघा की त्यांच्या हौदाला न दिसणारे दोन-तीन झरे होते. आपल्यापैकी किती जणांना गावाहून तांदूळ येतो? आणि डीमार्टमध्ये उधारीची वही नसते.

दुसरी तऱ्हा याच्याही पलीकडची. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, पीएमसी. मुख्यालय इथे बाजूला, भांडुपला. २४ सप्टेंबर २०१९ ला खातेदारांना कळलं की पुढच्या सहा महिन्यांत खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील. दोनच दिवसांत ती मर्यादा १०,००० झाली, मग २५, ४०, ५० हजार, आणि जून २०२० मध्ये १ लाख. हौद भरलेला, पण त्याला कुलूप. नोकरीही गेली आणि पैसेही याच बँकेत अडकले, अशी घरं त्या वर्षी वर्तमानपत्रांतून आपण वाचली. तेव्हा ठेवींवरचा विमा १ लाखाचा होता, १९९३ पासून तेवढाच. ४ फेब्रुवारी २०२० पासून तो ५ लाख झाला. जानेवारी २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि मोठ्या ठेवीदारांची उरलेली रक्कम १० वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने द्यायचं ठरलं. १३ फेब्रुवारी २०२५ ला न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा तर सुरुवातीला एक रुपयाही काढता येत नव्हता. ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली, सुटलो.

विम्याचे ५ लाख हे एका माणसाला एका बँकेत, व्याजासकट, सगळ्या शाखा मिळून असतात. एकाच बँकेच्या मुलुंड आणि घाटकोपर शाखांत पाच-पाच लाख ठेवले म्हणजे दहा सुरक्षित झाले, असं होत नाही.

आता जे सांगणार आहे, ते वहिनींची परवानगी घेऊन. त्या आज इथे आल्या आहेत. एप्रिल २०२१ मध्ये आपण वर्गातला एक मित्र करोनात गमावला. त्याच्या घरी पैसे होते. माझ्या कोष्टकाप्रमाणे दोन वर्षं घर चालेल एवढे होते. पण खातं त्याच्या एकट्याच्या नावावर, वारस नोंदवलेला नाही. ओटीपी त्याच्या फोनवर येणार आणि फोन त्याच्या बोटाच्या ठशाने उघडणार. विमा होता हे वहिनींना माहीत होतं, कुठल्या कंपनीचा ते नव्हतं. कर्जाचा हप्ता ५ तारखेला गेला, कारण तो आपोआप जातो. पैसे बाहेर जायला कुणाचीच सही लागत नव्हती, आत बसलेल्या माणसाला काढायला मात्र वारसाचे कागद लागत होते. बँकेच्या शाखेत लॉकडाउनमुळे निम्मी माणसं. पहिले पैसे हातात यायला ७१ दिवस लागले. वहिनींनी मोजले आहेत. त्या ७१ दिवसांत घर कशावर चाललं ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, त्याची वाच्यता इथे नको.

म्हणून मी घरोघरी दोन आकडे काढायला सांगते. घरातले सगळे धडधाकट आहेत आणि फक्त उत्पन्न थांबलं, तर किती महिने? आणि सगळे हिशेब ज्याला ठाऊक आहेत तो माणूसच उद्या नसला, तर उरलेल्यांच्या हाती किती दिवस? दुसरा आकडा बहुतेक घरांत दिवसांतच येतो. तो वाढवायला एक रुपयाही लागत नाही. खातं दोघांच्या नावावर आणि दोघांपैकी कुणालाही काढता येईल असं करायचं, वारस नोंदवायचा, पॉलिसींचे नंबर वहीत लिहायचे. एका शनिवारचं काम.

आणि माझ्या आयटीवाल्या मित्रांनो, नवराही पवईत, बायकोही ऐरोलीत, दोघं त्याच धंद्यात. नळ दोन दिसतात, पण मागे पाइप एकच आहे. आपल्यासाठी सहा महिन्यांचा साठा पुरा नाही, मी बारा धरते. आणि पंचेचाळिशीला नवी नोकरी पंचविशीच्या वेगाने मिळत नाही, हे आपण एकमेकांना तरी खरं सांगू या.

मागच्या टेबलावर कोरे तक्ते ठेवले आहेत. फाइल पाठवा म्हणून ग्रुपवर मागू नका, मुद्दाम कागदावर छापले आहेत. डाव्या बाजूला खर्च, उजवीकडे शिल्लक आणि प्रत्येक रकमेपुढे ‘किती दिवसांत हातात’ असा रकाना. शेवटचा रकाना आहे ‘आणखी कुणाला माहीत आहे’. तो भरताना जोडीदाराला शेजारी बसवा. सासूबाईंनाही बसवलंत तर उत्तम, त्यांच्या डब्यात काय आहे ते कोष्टकात नसतं. ज्यांना पीपीएफचं विचारायचंय त्यांनी आइस्क्रीम संपायच्या आत या.