नोकरीची वाट आणि हातातली शिदोरी

दहावी-बारावीचे निकाल लागले की खेड्यापाड्यांतल्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येऊ लागतो, "मग, आता पुढं काय करायचं ठरवलंय?" विचारणारे पुष्कळ असतात. घरी बाप विचारतो, सुट्टीला आलेला मामा विचारतो, पारावर बसलेली वडीलधारी माणसे विचारतात. ज्याला विचारायचे तो मात्र मान खाली घालून एवढेच म्हणतो, "बघू." या एका शब्दात त्या मुलाची सारी उमेद असते आणि तितकीच धास्तीही असते. आज या 'बघू'विषयीच मी आपल्याशी बोलणार आहे.

उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ नोकरी, असे आपले वाडवडील म्हणत आले. आज ही म्हण कुणी म्हणत असेल तर ती उलटी करून. आणि त्याबद्दल मुलांना बोल लावता येणार नाही. आजोबांच्या नावावरचे शेत बापाच्या वाटणीला निम्मे येते आणि नातवापर्यंत पोचेतो एकरांचे गुंठे होतात. पाऊस वेळेवर येईल याचा भरवसा नाही, पिकाला भाव मिळेल याचा तर त्याहून नाही. तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीत काम मिळते. पण ते पुष्कळदा ठेकेदाराच्या हाताखालचे, आज आहे, उद्याचे सांगता येत नाही. लग्नाच्या बैठकीत पहिला प्रश्न असतो तो "मुलगा नोकरीला कुठं आहे?" हाच. अशा वेळी महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार, आजारपणात रजा आणि चार माणसांत मान देणारी सरकारी नोकरी मुलांना हवीशी वाटली, तर त्यात नवल ते काय? ही इच्छा आळशाची नव्हे. ती स्थैर्याची भूक आहे.

परंतु भूक खरी असली म्हणून पंगतीत तेवढी ताटे मांडलेली असतात असे नाही. आपण थोडा हिशेब करू. २०२३ साली राज्यात तलाठ्यांची भरती झाली. जागा साडेचार हजारांच्या आसपास होत्या आणि अर्ज आले १० लाखांच्या वर. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून अधिक अर्ज. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज आले. शंभरास एक असे हे प्रमाण. एकच उमेदवार दोन-तीन प्रकारच्या पदांसाठी अर्ज करतो हे लक्षात घेतले, तरी गर्दी फार कमी होत नाही. दोनशेतला जो एक निवडला जातो, त्याचा फोटो वर्तमानपत्रात येतो, गावात मिरवणूक निघते. हे योग्यच आहे, त्याने कष्ट केलेले असतात. पण उरलेल्या एकशे नव्व्याण्णवांचे काय, हा प्रश्न मिरवणुकीच्या ताशात ऐकू येत नाही. आणि हे एकशे नव्व्याण्णव नालायक होते असेही नाही. जागा एकच असेल, तर दोनशेच्या दोनशे हुशार मुले परीक्षेला बसली तरी एकशे नव्व्याण्णव बाहेरच राहणार! हे साधे अंकगणित आहे. पण घरात आणि शाळेत ते मुलांपुढे कुणी मांडत नाही.

दुसरी गोष्ट वयाची. राज्यसेवेसारख्या परीक्षांना खुल्या प्रवर्गातील उमेदवारास ३८ व्या आणि मागास प्रवर्गातील उमेदवारास ४३ व्या वर्षापर्यंत बसता येते. २०१६ साली सरकारने ही सवलत वाढवली, ती मुलांच्या भल्यासाठीच. पण सरकारने दिलेली मुदत ही घराची मुदत नव्हे. बापाचे वय थांबत नाही, बहिणीचे लग्न थांबत नाही, सोसायटीचे कर्ज थांबत नाही. त्यात परीक्षांचे वेळापत्रकही आपल्या हाती नसते. ५ एप्रिल २०२० रोजी ठरलेली राज्यसेवेची पूर्वपरीक्षा साथीमुळे आणि इतर कारणांमुळे पुढे पुढे जात अखेर २१ मार्च २०२१ रोजी झाली. जवळजवळ एक वर्ष! पुण्याच्या सदाशिव पेठेत किंवा नारायण पेठेत खोली घेऊन राहिलेल्या मुलाचे ते वर्ष खोलीभाडे, खानावळ आणि अभ्यासिकेची फी यांत गेले. त्याची मनीऑर्डर, म्हणजे आताच्या भाषेत खात्यावर टाकलेले पैसे, गावी सोयाबीन विकून आलेले होते.

गेली अठरा-वीस वर्षे मी महाविद्यालयात शिकवतो आहे. अशा मुलांशी माझे नेहमी बोलणे होते. कोरडवाहू भागातला, चार वर्षे शहरात राहून अभ्यास करणारा एक विद्यार्थी मला एकदा म्हणाला, "सर, पास होईन असं आता मलाही वाटत नाही. पण फॉर्म भरायचा थांबवला तर गावाला जायला तोंड कुठं आहे?" श्रोतेहो, मला या वाक्याने विचारात टाकले. आपण समजतो की ही मुले आशेने वाट पाहतात. पहिली दोन-तीन वर्षे ते खरेही असते. त्यानंतर मात्र कित्येकजण केवळ थांबण्याची लाज वाटते म्हणून वाट पाहत राहतात. आशा माणसाला उभे करते, लाज त्याला खिळवून ठेवते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, आणि म्हणून आपली फसगत होते.

मग नोकरीची वाट धरूच नये काय? तसे मी म्हणणार नाही. जरूर धरावी. पण आपल्याकडे लांबच्या वाटेला निघताना आई शिदोरी बांधून देते. पोचायला उशीर झाला, वाटेत ओढ्याला पूर आला, तर त्या शिदोरीवर दिवस निघतो. या वाटेलाही तशीच शिदोरी हवी. कोणतीही तयारी सुरू करताना मुलाने स्वतःला विचारावे, "हे दार उघडले नाही, तर माझ्या हातात काय उरेल?"

या ठिकाणी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण आठवते. त्यांचा जन्म १८६९ चा. त्यांना व्हायचे होते चित्रकार. त्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तेथे असे दिसून आले की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. रंग न दिसणाऱ्याने चित्रकार कसे व्हावे? ते दार तेथेच मिटले. पण रेखांकन हातात उरले होते. त्या रेखांकनाच्या बळावर ते यंत्रांची चित्रे काढण्यास शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक झाले. पुढे बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापायचे यंत्र, मग लोखंडी नांगर आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगरसुद्धा शेतकऱ्यांनी पहिल्यांदा घेतला नाही. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती. प्रत्येक मुलगा किर्लोस्कर होईल असे सांगून मी कुणाला हरभऱ्याच्या झाडावर चढवणार नाही. सगळ्यांना कारखाने काढायचे नाहीत. घ्यायचे ते एवढेच, की एक दार मिटले तेव्हा हा माणूस रिकाम्या हाताचा नव्हता.

आता ही शिदोरी आपल्या मुलांनी कोठून आणावी? तालुक्याच्या गावी औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आयटीआय असते. कारागीर प्रशिक्षणाची ही योजना देशात १९५० साली सुरू झाली. वीजतंत्री, जोडारी, कातारी, संधाता असे व्यवसाय तेथे एका-दोन वर्षांत शिकता येतात. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याप्रमाणे कारखान्यात विद्यावेतन घेऊन काम शिकण्याची सोय आहे. प्रमाणपत्र हातात पडले की पक्की नोकरी मिळते, असे मात्र समजू नये. ठेकेदारीची अडचण तेथेही आहे. पण विहिरीवरची मोटार जळाली की तालुक्याहून माणूस येईपर्यंत दोन दोन दिवस पिकाला पाणी नसते, हे आपण पाहतोच. ज्या गावात ठिबकच्या नळ्या आणि सौरपंप आले, त्या गावात ते दुरुस्त करणारा हातही लागतोच. तो हात आपल्याच गावच्या मुलाचा का नसावा?

जे मुलगे-मुली परीक्षेचाच अभ्यास करीत आहेत, त्यांनाही शिदोरी बांधता येते. लिपिकाच्या पदासाठी मराठी टंकलेखनाचा मिनिटाला ३० शब्दांचा वेग लागतो. तो एकदा बोटांत बसला की नोकरी मिळो न मिळो, बोटांतून जात नाही. सातबारा कसा वाचावा, फेरफार कसा होतो, ग्रामपंचायतीला कोणते अधिकार आहेत, हे सारे मुले परीक्षेसाठी पाठ करतात. गावातल्या दहा माणसांना त्यातले नीट समजावून सांगता आले, तर ते ज्ञान झाले. नाहीतर ते उत्तरपत्रिकेबरोबरच संपते. आणि शिकताना कमवायला लाज कसली? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. 'कमवा आणि शिका' हा तिचा बाणा. त्यांच्या वसतिगृहांतली मुले स्वतःच्या हाताने कष्टाची कामे करीत शिकली. त्यामुळे त्यांची पुस्तके मळली नाहीत!

मुलींविषयी वेगळे सांगायला हवे. राज्याच्या नोकऱ्यांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. पण पुष्कळ घरांत मुलाला पाच वर्षे मिळतात आणि मुलीला एकच. "या साली झालं तर झालं, नाहीतर स्थळ बघू," असे सांगितले जाते. ज्या परीक्षेचा निकाल लागायलाच वर्ष-दीड वर्ष जाते, तिला एका वर्षाची मुदत देणे म्हणजे न देण्यासारखेच आहे. मुदत असावी, पण ती मुलाला आणि मुलीला सारखी असावी.

शिक्षक मित्रांनो, तुमच्यावर यात मोठी जबाबदारी आहे. २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली गेली. चाचणी दिशा दाखवू शकेल. पण बंद पडलेला पंखा कोण खोलून बघतो, सहलीचा हिशेब पै-पैसा कोण जुळवतो, लहान मुलांना पाढे कोण शिकवतो, हे रोज पाहणारे तुम्हीच. ते त्या मुलाला सांगा, त्याच्या बापालाही सांगा. वर्षातून एकदा निवडल्या गेलेल्या विद्यार्थ्याचा सत्कार जरूर करा. त्याच व्यासपीठावर दुधाची डेअरी नेटाने चालवणाऱ्या, गवंडीकामात नाव काढलेल्या, परिचारिका झालेल्या माजी विद्यार्थ्यांनाही बोलवा. समोर बसलेल्या मुलांना तेव्हा कळेल की गावाच्या मानाला दारे अनेक आहेत.

आणि पालकांनो, शेवटी तुमच्याशी दोन शब्द. मुलगा तयारीला निघेल त्या दिवशी त्याच्याजवळ बसा. किती वर्षे, किती खर्च, आणि नाही जमले तर पुढे काय, हे तेव्हाच मोकळेपणाने ठरवा. ठरलेली मुदत कागदावर लिहून ठेवलीत तरी चालेल. मुदत ठरवणे म्हणजे अपशकुन करणे नव्हे. पेरणी करतानाही दुबार पेरणीचे बियाणे आपण घरात राखून ठेवतोच की! मुदत संपली आणि मुलगा पिशवी घेऊन परत आला, तर त्याला "किती पैसे घालवलेस?" असे पहिल्याच दिवशी विचारू नका. पैसे गेले हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळते. त्याला विचारा, "जेवलास का?" आणि दुसऱ्या दिवशी विचारा, "आता हातात काय आहे, कशापासून सुरुवात करू या?"

परत येण्याची लाज ज्या घरात नसते, त्या घरातले मूल बिनघोर दूर जाते आणि मन लावून अभ्यास करते. यश मिळाले तर उत्तमच. नाही मिळाले, तरी पंचविशीतला तरुण ही काही वाया गेलेली वस्तू नाही. अजून सारे आयुष्य त्याच्यापुढे आहे. मात्र ते आयुष्य त्याला वेळेवर सुरू करू द्या, एवढीच आपणा सर्वांना माझी विनंती आहे.