न बोलणाऱ्या मुलांची चाचणी

ऑटिझमवरचा शोधनिबंध हाती आला की जाणकार वाचक आधी अभ्यासातून कोणाला वगळले ते पाहतो. ब्रिटनमध्ये जिनी रसेल आणि सहकाऱ्यांनी 2016 साली ऑटिझमच्या नियतकालिकांत छापून आलेले सुमारे 300 अभ्यास असेच चाळले. त्यांतल्या स्वमग्न सहभागींपैकी 94 टक्क्यांना बौद्धिक अक्षमता नव्हती. इकडे स्वमग्न मुलांत शाळकरी वयातही मोजक्या शब्दांपलीकडे न बोलणारीच पाव ते एकतृतीयांश असावीत, असा अंदाज आहे. न बोलणे म्हणजे बुद्धी कमी असणे नव्हे. वगळताना मात्र दोघांनाही एकच दार दाखवले जाते.

यात दुष्टावा नाही, सोय आहे. प्रश्न तोंडी, उत्तर तोंडी, वेळ ठरलेली.

मॉन्ट्रियलच्या व्हॅलेरी कुर्शेन यांच्या चमूने ही सोय बाजूला ठेवली. त्यांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. विशेष शाळांतली 6 ते 12 वर्षांची 30 मुले, सगळी अजिबात न बोलणारी किंवा फार थोडे बोलणारी. प्रचलित वेक्स्लर बुद्धिमत्ता चाचणी त्यांतल्या एकालाही पूर्ण करता आली नाही. मग रेव्हनची रंगीत कोडी पुढे ठेवली. नक्षीतला एक तुकडा गायब असतो. सहांपैकी नेमका ओळखून तो रिकाम्या जागी बसवायचा. 20 मुलांनी ही चाचणी पूर्ण केली आणि त्यांतल्या 17 जणांचे गुण पाचव्या ते नव्वदाव्या पर्सेंटाइलच्या दरम्यान आले. नुसत्या वेक्स्लरवर थांबले असते, तर तिसांच्याही फायलीत 'चाचणी घेता आली नाही' एवढाच शेरा पडला असता!

न बोलणाऱ्यांना बोलते करण्याच्या उत्साहात घोटाळेही झाले आहेत. 1990 नंतर अमेरिकेत 'फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन'ची लाट आली. मदतनीस हात धरी आणि न बोलणाऱ्याच्या बोटांतून कळफलकावर लांबलचक वाक्ये उमटत. आईवडील हरखून गेले, यात नवल नाही. 1993 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या संशोधकांनी साधी युक्ती केली: दोघांना वेगवेगळी चित्रे दाखवली. टंकले गेले ते मदतनिसाने पाहिलेले.

म्हणून संवादाचे उपकरण मुलाने स्वतः चालवलेले बरे. कॉनी कसारी यांच्या 2014 च्या अभ्यासात 5 ते 8 वर्षांची 61 मुले होती. खेळातून शिकवताना बोलणाऱ्या उपकरणाची जोड दिली तेव्हा ती आपणहून अधिक संवाद साधू लागली. आयआयटी मुंबईत घडलेले 'जेलो' हे चित्रांवर बोट ठेवून बोलायचे अॅप मराठीतही आहे.

राहता राहिली अभ्यासात भाग घेण्याची संमती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे 7 ते 12 वर्षांच्या मुलाची तोंडी संमती पालकांसमोर घ्यायला सांगतात. जो बोलतच नाही, त्याची कशी घेणार? अशा मुलाचा नकार कसा दिसतो, हे घरच्यांना आधी विचारून लिहून ठेवावे लागते: कोणी कान झाकतो, कोणी तुकडे ढकलून देतो, कोणी आईचा हात धरून तिला दाराकडे ओढतो.