विद्यापीठातले कार्यक्रम आणि ‘आपलं तिथं काय काम?’

(या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलं आहे.)

कोणी पीएमपीच्या बसमध्ये लटकत ऐकत असेल, कोणी मेसच्या रांगेत, कोणी मागच्या बाकावर एका कानात इअरबड लपवून. शेवटच्या लोकांना मी काही बोलणार नाही, फक्त आवाज कमी ठेवा.

आजचा विषय आहे विद्यापीठात येत्या काही महिन्यांत काय काय होणार आहे. गाणं, नाटक, चित्रं, आरोग्य, एनएसएस, सगळं. उदाहरणासाठी मी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतलंय, कारण आपले बरेच श्रोते तिथले आहेत. पण तुम्ही मुंबई, शिवाजी, कुठल्याही विद्यापीठात असाल तरी सत्तर टक्के गोष्टी तुम्हालाही लागू होतील.

आधी एक प्रश्न. फर्स्ट इयरला आल्यापासून तुम्ही कॅम्पसवरचा किंवा कॉलेजमधला किती कार्यक्रम पाहिलात? सेलिब्रिटी येतो, डीजे लागतो, ते सोडून. साधी मैफल, एखादी एकांकिका, एखादं व्याख्यान. बऱ्याच जणांचं उत्तर शून्य असतं. कारण विचारलं तर दोनच मिळतात. एक, ‘कळलंच नाही, झाल्यावर स्टेटसला दिसलं.’ आणि दुसरं, जरा हळू आवाजात, ‘आपलं तिथं काय काम? आपल्याला कुठं त्यातलं काय कळतं?’

पहिल्या कारणावर उपाय सोपा आहे, तो आधी सांगते. दुसऱ्यासाठी हा सगळा भाग आहे.

तारखा आधीच ठरलेल्या असतात

नोटीस दोन दिवस आधी लागते, खरंय. पण बघा, निम्मे कार्यक्रम दरवर्षी त्याच दिवसाभोवती होतात. म्हणजे नोटिशीची वाट बघायची गरजच नाही. फोनचं कॅलेंडर उघडा आणि माझ्याबरोबर टाका.

२४ सप्टेंबर, एनएसएस दिन. १० ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिन. १५ ऑक्टोबर, डॉ. कलामांचा जन्मदिवस, म्हणजे वाचन प्रेरणा दिन. ५ नोव्हेंबर, मराठी रंगभूमी दिन. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, त्याची आठवण. ३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती. १० फेब्रुवारी, पुणे विद्यापीठाचा वर्धापन दिन, त्या दिवशी जीवनसाधना गौरव पुरस्कार देतात. २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. लगेच दुसऱ्या दिवशी, २८ ला, राष्ट्रीय विज्ञान दिन. आणि २७ मार्च, जागतिक रंगभूमी दिन.

प्रत्येक तारखेला चार दिवस आधीचा रिमाइंडर लावा. रिमाइंडर वाजला की आपल्या विभागाच्या बोर्डवर आणि विद्यार्थी विकास मंडळाच्या पानावर एक नजर टाकायची. हे मंडळ म्हणजे पूर्वीचं विद्यार्थी कल्याण मंडळ. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानंतर नाव बदललं. कॉलेजात त्याचे एक विद्यार्थी विकास अधिकारी असतात, म्हणजे तुमचेच कोणीतरी सर किंवा मॅडम. ते कोण आहेत हे ऑफिसात विचारा. वर्षभर तुमच्या उपयोगी पडणारी ती व्यक्ती आहे.

आणि हो, सिन्नर, संगमनेर, बारामतीवाले श्रोते, ‘आमचं काय’ म्हणू नका. विद्यापीठ म्हणजे फक्त गणेशखिंडीतला कॅम्पस नाही. पुणे, नाशिक, अहिल्यानगर या जिल्ह्यांतल्या संलग्न कॉलेजांमधली मुलंही तितकीच विद्यापीठाची आहेत.

‘कळत नाही’ म्हणून जात नाही?

आता मुद्द्यावर येऊ. खरं सांगू का, कुठल्याही हॉलमध्ये बसलेल्या सगळ्यांना सगळं कळत असतं, हा मोठा गैरसमज आहे.

पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र आहे. १९८७ पासून. संगीत, नृत्य आणि नाटक तिथं पदवीला शिकवतात, आणि शिकवण्याची धाटणी गुरुकुलासारखी आहे. ‘महानिर्वाण’ लिहिणारे सतीश आळेकर १९९६ पासून २००९ पर्यंत या केंद्राचे प्रमुख होते. इथं मुलांना शिकताना सादर करावंच लागतं. आणि सादर करायचं म्हणजे समोर माणसं लागतात. विचार करा, तुमच्याच वयाची मुलगी चार-पाच वर्षं रियाज करून पहिल्यांदा पूर्ण राग मांडायला बसते, आणि समोर कोण? तिचे गुरू, तिची आई आणि वर्गातली आठ पोरं. तिला प्रेक्षक हवेत. ‘कळणारे’ प्रेक्षक नंतर, आधी प्रेक्षक. तिथं तुमचं काम आहे. तुम्ही जाऊन बसणं हेच काम आहे.

पहिल्यांदा शास्त्रीय गाणं ऐकायला जाणार असाल तर तीन गोष्टी सांगते, म्हणजे अवघडल्यासारखं होणार नाही.

सुरुवातीला तंबोरे जुळवतात. पाच मिनिटं काहीच होत नाहीये असं वाटेल. थांबा. मग ख्याल असेल तर आधी विलंबित, म्हणजे संथ लय. पहिली वीस मिनिटं अवघड जातात आणि नेमकं तिथंच नवीन माणूस उठून जातो. उठू नका. तबल्याकडे कान द्या. एक ठेका पुन्हा पुन्हा फिरतोय, आणि दर आवर्तनाला एका ठिकाणी गाणारा आणि तबला बरोबर एकत्र येऊन पडतात. ती सम. दोन-तीनदा ती पकडली की तुमची मान आपोआप हलायला लागेल. मग द्रुत सुरू झालं की तुम्हाला कोणी काही सांगायची गरज नाही.

दुसरं, उशिरा पोचलात तर दारात थांबा, एक चीज संपली की आत या. तिसरं, फोन. सायलेंट तर कराच, पण रेकॉर्डिंगही करू नका. गाणाऱ्याच्या डोळ्यात पन्नास स्क्रीन चमकतात. आणि ते रेकॉर्डिंग आपण पुन्हा ऐकत नाही, हे तुम्हालाही माहितीये.

नाटकाचं त्याहून सोपं आहे. पुण्यात पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था भरवते. ती विद्यापीठाची स्पर्धा नव्हे, पण कॉलेजची मुलंच करतात. भरत नाट्य मंदिरात ‘अरे आव्वाज कुणाचा’ सुरू झालं की तुम्ही कुठल्या कॉलेजचे, तुम्हाला नाटकातलं काय कळतं, कोणी विचारत नाही. आपल्या कॉलेजच्या मुलांसाठी ओरडायला गेलात तरी चालतं. परत येताना दुसऱ्याच कॉलेजचं नाटक डोक्यात घेऊन येता, ही त्यातली मजा.

हलगी वाजवणाऱ्या मित्रासाठी

हा भाग जरा लक्ष देऊन ऐका, कारण इथं खूप मुलं हुकतात.

आंतरविद्यापीठ युवक महोत्सवात संगीत, नृत्य, नाट्य, वाङ्मय आणि ललित कला असे पाच विभाग असतात. आपल्याला वाटतं, म्हणजे गाणारे आणि नाचणारे. पण यादी नीट बघा. लोकवाद्यवृंद आहे. लोकनृत्य आहे. नकला आहेत, त्याला पाच मिनिटं. प्रहसन दहा मिनिटांचं. मूकनाट्य पाच मिनिटांचं, त्यात एक शब्द बोलायचा नाही. वक्तृत्व, वादविवाद, प्रश्नमंजुषा. व्यंगचित्र, कोलाज, मातीकाम, पोस्टर, रांगोळी. चित्रकलेचा विषय तिथंच देतात आणि अडीच तासांत संपवायचं असतं.

आता सांगा, गावच्या जत्रेत हलगी वाजवणारा, जागरण-गोंधळात काकांबरोबर संबळ धरणारा, भजनी मंडळात पखवाज वाजवणारा मुलगा तुमच्या हॉस्टेलवर नाही? आहेच. त्याला वाटतं ते घरचं, ते काय कॉलेजात सांगायचं. आणि इकडे कॉलेजचा संघ वादक नाही म्हणून लोकवाद्यवृंदात उतरतच नाही. दोघं एकाच मेसमध्ये जेवतात आणि एकमेकांना माहीत नसतात! तुम्हाला असा कोणी माहीत असेल तर त्याला हा भाग पाठवा. रांगोळी घालणाऱ्या मुलीलाही पाठवा. सरांची नक्कल करणाऱ्या त्या मित्राला तर नक्कीच.

पुढची पायरी कशी असते? कॉलेजातून निवड, मग विद्यापीठाचा संघ. तिथून ‘इंद्रधनुष्य’, म्हणजे महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचा राज्य पातळीवरचा महोत्सव. २००३ मध्ये सुरू झाला, दरवर्षी यजमान विद्यापीठ वेगळं. त्याचीच भावंडं म्हणजे खेळांचा ‘अश्वमेध’, संशोधनाचा ‘आविष्कार’ आणि आपत्ती व्यवस्थापनाचं ‘आव्हान’ शिबिर. दुसरीकडे पश्चिम विभाग आणि राष्ट्रीय युवक महोत्सव. वयाची अट २५ वर्षांची असते. म्हणजे ‘पुढच्या वर्षी बघू’ असं फार वेळा म्हणता येत नाही.

एनएसएस: सात दिवस, एक गाव

सगळ्यांनाच स्टेज नको असतं. ठीक आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर, बहुतेक हिवाळ्यात, एखाद्या दत्तक गावात. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी गावकऱ्यांसमोर पथनाट्य नाहीतर गाणी. त्या बॅजवर कोणार्कच्या रथाचं चाक आहे. त्याचे आठ आरे म्हणजे आठ प्रहर, चोवीस तास सेवेला तयार. आपल्या विद्यापीठाची एनएसएसची मुलं आषाढी वारीत स्वच्छतेचं काम करत पालख्यांबरोबर चालतात, ते तुम्ही पाहिलं असेल.

शिबिराचा खरा फायदा प्रमाणपत्र हा नाही. चर खोदताना शेजारी कोण आहे, त्याचे मार्क किती, इंग्रजी कसं आहे, याला अर्थच उरत नाही. सत्तर जणांच्या पोळ्या लाटायच्या असतात तेव्हा ज्याला पोळी येते तो राजा. वर्गात सहा महिने तोंड न उघडलेली मुलं तिसऱ्या दिवशी बोलायला लागतात.

आणि मन ठीक नसेल तेव्हा

आता थोडं गंभीर बोलते. घर सोडून आलेल्यांना पहिली सेमिस्टर जड जाते. रूमवर चौघं असतात आणि तरी एकटं वाटतं. कार्यक्रमाला गेलात की एकटेपणा जाईल, असं मी अजिबात म्हणणार नाही. गर्दीत जास्तच एकटं वाटू शकतं. पण आठवड्यात एक संध्याकाळ अशी ठरलेली असणं, जिथं जायचंय आणि जिथं फोन बघायचा नाहीये, याचा आधार होतो. एकटे गेलात तरी चालतं. हॉलमध्ये अंधार असतो, कोण एकटं आलंय ते कोणालाही दिसत नाही.

झोप उडालीय, जेवण जात नाहीये, वर्गात जावंसं वाटत नाही, असं दोन आठवडे चाललं असेल तर १० ऑक्टोबरच्या कार्यक्रमाची वाट बघू नका. कॉलेजच्या समुपदेशकांकडे जा. तिथं जाणं नको वाटत असेल तर टेलिमानसचा नंबर सेव्ह करा: १४४१६. केंद्र सरकारची सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. स्वतःला जिवाचं काही करून घ्यावंसं वाटत असेल तर त्याच क्षणी फोन करा आणि शेजारच्या माणसाला उठवा. रात्रीचे तीन वाजले असले तरी.

क्रेडिटची गोष्ट

शेवटचा मुद्दा. नवीन शैक्षणिक धोरणामुळे आता सहअभ्यासक्रमाला क्रेडिट आहेत. एनएसएस, एनसीसी, योग, खेळ, कला, आरोग्य, यांतलं काही घेतलं की काही सेमिस्टरना दोन-दोन क्रेडिट. चांगलंच आहे. पूर्वी तालमीला गेलं की लेक्चर बुडालं म्हणून ओरडा बसायचा, आता ते अभ्यासातच धरलंय.

पण त्याबरोबर एक सवयही येतेय. सही करायची, बॅनरसमोर फोटो काढायचा, पहिल्या भाषणानंतर मागच्या दाराने सटकायचं. क्रेडिट मिळतं, नाही असं नाही. फक्त मग तीन वर्षांनी मार्कशीटवर ‘कल्चरल’ लिहिलेलं असेल आणि तुम्ही एकही गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं नसेल. फीच्या पावतीवर विद्यार्थी विकास, क्रीडा असे छोटे छोटे रकाने असतात ना? ते पैसे तुमच्या घरच्यांनी भरलेत. कांदा विकून, ओव्हरटाइम करून. त्यात जे मिळतं ते पूर्ण वसूल करा. शेवटपर्यंत बसून वसूल करा.

तर या आठवड्याचं काम काय? एक, त्या तारखा कॅलेंडरमध्ये. दोन, विद्यार्थी विकास अधिकारी कोण, एवढं विचारायचं. तीन, महिन्याभरात एका कार्यक्रमाला जायचं, तुम्हाला ‘त्यातलं काही कळत नाही’ अशाच. आणि नंतर मला व्हॉइस नोट पाठवा: काय पाहिलंत, कुठं कंटाळा आला, कुठं मान हलली. कंटाळा आला तर तसंच सांगा, आपण तेही वाजवू.

पुढच्या भागात एक श्रोता येतोय, मूकनाट्याच्या तालमी कशा चालतात ते सांगायला. बोलून सांगणार आहे, काळजी नसावी. भेटू मंडळी, जेवून घ्या वेळेवर!