जोर यंत्राचा, माप माणसाचे



मोटारीचे चाक गाडीला धरून ठेवतात ते अवघे चार किंवा पाच नट. मुठीत मावतील एवढ्या त्या लोखंडी तुकड्यांवर भिस्त ठेवून आपण घरच्या मंडळींसह ताशी ऐंशी-शंभर किलोमीटरच्या वेगाने धावत असतो, आणि त्यांची आठवण आपल्याला होते ती चाक पंक्चर झाल्यावर. रात्रीची वेळ असते, मुंबई-आग्रा रस्त्याचा एखादा निर्जन टप्पा असतो. गाडीचे मालक डिकीतला पाना काढून नटाला लावतात, हाताने दाबतात, शेवटी त्यावर पाय देऊन उभे राहतात. पण नट तसूभरही हलत नाही. कारण शोधू गेल्यास बहुधा एकच निघते. मागच्या खेपेस चाक बसविताना कोणीतरी यंत्राचा चाप दाबून धरला आणि मनाचे समाधान होईपर्यंत सोडला नाही. याच्या उलट प्रकार त्याहून भयंकर. नट नीट न बसताच गाडी बाहेर पडते, काही अंतरावर तो सैल होतो आणि धावत्या गाडीचे चाक डगमगू लागते.

ज्या हत्याराच्या हाती हे दोन्ही अनर्थ आहेत आणि ज्याच्यावाचून आजच्या गॅरेजचे पानही हलत नाही, त्या बॅटरीवरच्या इम्पॅक्ट रेंचविषयी आज बोलावयाचे आहे. गॅरेजमध्ये त्याला नुसते ‘गन’ म्हणतात. दुकानात गेल्यास त्याचे कितीतरी नमुने समोर येतात आणि प्रत्येक डब्यावर शेजारच्या डब्याहून मोठा आकडा छापलेला असतो. यांतून निवड कशी करावी? माझे उत्तर आरंभीच सांगून टाकतो. हे हत्यार नट सोडविण्याच्या कामाकडे पाहून निवडावे, आणि नट आवळण्याचे अखेरचे माप मात्र त्याच्यावर कधीही सोपवू नये. पुढील सारे विवेचन हा या एका सूत्राचाच विस्तार आहे.

प्रथम हे यंत्र काम कसे करते ते पाहू. खिळा लाकडावर टेकवून अंगठ्याने कितीही दाबला तरी आत जात नाही. हातोडीचा एक हलका ठोका दिला की जातो. दाब आणि आघात यांतला हा फरक आहे. इम्पॅक्ट रेंचच्या पोटात लोहाराची लहानशी शाळाच असते म्हणा ना! मोटर एका जड हातोड्याला गोल फिरविते. पुढे एक ऐरण असते आणि तिच्या टोकाला नटाचे सॉकेट बसविलेले असते. नट सैल असेपर्यंत हातोडा व ऐरण एकत्र फिरतात. नटाने अडवणूक केली की हातोडा स्प्रिंग दाबीत मागे सरतो, ऐरणीच्या दातावरून निसटतो आणि पुढच्याच क्षणी वेगाने येऊन तिच्यावर आदळतो. असे ठोके मिनिटाला दोन-तीन हजार पडतात. प्रत्येक ठोका क्षणमात्र टिकत असल्यामुळे नटाला बसणारा पीळ हाताला जाणवत नाही. म्हणूनच जो नट सोडविण्यास दोन माणसांना लांब पाइप लावून झटावे लागले असते, तो एक किरकोळ अंगाचा मुलगा एका हाताने सोडवितो.

पूर्वी हे काम दाबलेल्या हवेवर चाले, आणि अनेक ठिकाणी आजही चालते. पण त्यासाठी कॉम्प्रेसर हवा, हवेची टाकी हवी, नळी हवी. आणि नळी जेथे पोहोचेल तेथेच काम. १९६१ साली अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर कंपनीने बॅटरीवरचे ड्रिल बाजारात आणले, तेव्हा तारेच्या बंधनातून हत्यार प्रथम मोकळे झाले. परंतु त्या काळच्या बॅटऱ्यांचा दम तोकडा होता. १९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी विक्रीस काढली आणि पुढे तीच हत्यारांत आल्यावर चित्र पालटले. ज्या तिघा शास्त्रज्ञांनी या बॅटरीचा पाया घातला, त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज मोटारीच्या कामापुरती तरी हवेच्या गनची बरोबरी बॅटरीची गन सहज करते.

आता त्या आकड्यांकडे वळू. डब्यावरचा आकडा बहुतकरून न्यूटन-मीटरमध्ये असतो. हे माप पिळाच्या जोराचे. एक मीटर लांबीचा दांडा नटाला आडवा लावून त्याच्या टोकाशी दहा किलोचे वजन टांगले, तर नटावर सुमारे १०० न्यूटन-मीटर पीळ बसतो. सर्वसाधारण मोटारीच्या चाकाचे नट ८० ते १४० न्यूटन-मीटरपर्यंत आवळावयाचे असतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच प्रमाण मानावा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीत हबचा जो एकच मोठा नट असतो, त्याला पुष्कळ गाड्यांत २०० ते ३०० लागतात. मोठ्या मालट्रकच्या चाकांचे नट ५०० च्याही पुढे जातात.

मग डब्यावर हजार, दीड हजार असे आकडे कशासाठी? ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण येथे ध्यानात ठेवावी. पुष्कळ कंपन्या दोन आकडे देतात. एक नट आवळण्याचा आणि दुसरा आवळलेला नट सोडविण्याचा. दुसरा मोठा असतो, म्हणून तोच ठळक अक्षरांत छापला जातो. शिवाय ही मोजणी प्रयोगशाळेतल्या स्वच्छ बोल्टवर, भरलेल्या बॅटरीने केलेली असते. आपल्या गाडीखालचे जग निराळे आहे. गोव्यासारख्या समुद्रकाठच्या मुलखात खाऱ्या हवेत पाच-सहा पावसाळे काढलेल्या मोटारीचा बोल्ट ज्या जोराने आवळला होता त्याच जोराने सुटेल, ही आशा व्यर्थ होय. त्यातच सॉकेट आणि गन यांच्यामध्ये लांब एक्स्टेन्शन किंवा सांध्याची जोडणी आली की ठोक्याचा बराच भाग वाटेतच विरून जातो. म्हणून गरजेच्या दुप्पट-तिप्पट जोर गाठीस असावा, हे खरे. पण दहापट असावा, हे खरे नव्हे.

कारण जोराबरोबर वजन येते. या हत्याराचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. पहिला तीन अष्टमांश इंची चौकोनी टोकाचा, लहान आणि हलका. दोनशे-तीनशे न्यूटन-मीटर जोराची ही गन इंजिनाभोवतीच्या अडचणीच्या जागी, ब्रेकच्या कामाला उत्तम. दुसरा वर्ग अर्धा इंची टोकाच्या मध्यम गनचा. जोर चारशे ते सातशे, वजन बॅटरीसह दोन ते अडीच किलो. चाके, सस्पेन्शन आणि बहुतेक गंजलेले बोल्ट हिच्या आवाक्यात येतात. तिसरा वर्ग अर्धा इंचीच, परंतु हजाराच्या पुढचा. वजन तीन किलोंच्या आसपास आणि तोंड लांब. हबचे हट्टी नट ती लीलया सोडविते, पण चाकाच्या कमानीत तिला वळावयास जागा मिळत नाही आणि दिवसभर हाती धरली तर संध्याकाळी मनगट बोलू लागते. ज्या गॅरेजात मुख्यतः मोटारीच येतात, तेथे पहिली खरेदी मध्यम वर्गाची असावी, असे माझे मत आहे. मालट्रकचे काम असेल तर पाऊण किंवा एक इंची टोकाच्या गनला पर्याय नाही. तेथे अर्धा इंचीवर जुलूम करू नये.

बॅटरीच्या बाबतीत तर भुलभुलैयाच आहे. एका गनवर १८ व्होल्ट लिहिलेले असते, दुसरीवर २०, आणि गिऱ्हाईक २० ची उचलतो. वस्तुतः दोहोंतही पाच सेलच एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, म्हणून पाचांचे १८. तेच सेल नुकते भरले असता आकडा २० च्या पुढे जातो. एकाच माणसाचे वजन जेवणापूर्वी आणि जेवणानंतर करावे, तसला हा प्रकार. काही स्वस्त गनांवर तर शेकड्यांतले आकडे छापलेले आढळतात. त्यांचा व्होल्टशी संबंध असतोच असे नाही. बॅटरीच्या मागील चिठ्ठी वाचावी. महत्त्व आहे ते अँपिअर-तासांना. १८ व्होल्टची ५ अँपिअर-तासांची बॅटरी २ च्या बॅटरीहून अधिक वेळ चालते हे उघडच आहे. पण तिच्यात साधारणतः सेलच्या दोन रांगा असल्याने ती विजेचा प्रवाहही अधिक देते, आणि त्यामुळे तीच गन अधिक जोराने ठोकते. लहान बॅटरी लावून मोठ्या गनला दोष देण्यात अर्थ नाही.

येथे खर्चाचाही विचार आला. पुष्कळदा गन परवडते, पण दोन चांगल्या बॅटऱ्या आणि चार्जर यांची किंमत तिच्या वर जाते. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ म्हणतात तशी गत होते. म्हणून गन घेताना आपण वस्तुतः एका कंपनीच्या बॅटरीशी सोयरीक जमवीत आहो, हे ओळखावे. त्याच बॅटरीवर ड्रिल, ग्राइंडर, दिवा चालतील काय? आपल्या गावी किंवा जवळच्या शहरी दुरुस्तीची सोय आहे काय? पाच वर्षांनी तीच बॅटरी मिळेल काय? हे तीन प्रश्न डब्यावरच्या आकड्याहून मोलाचे आहेत. नकली बॅटरी स्वस्त पडते खरी, परंतु आतील सेल आणि रक्षणाची योजना निकृष्ट असल्यास आग लागण्याचे भय असते. तापलेली बॅटरी लगेच चार्जरवर चढवू नये. ग्वाल्हेरकडे ज्येष्ठातल्या दुपारी पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा वेळी पत्र्याच्या छपराखाली अथवा बंद मोटारीत बॅटरी ठेवणे म्हणजे तिचे आयुष्य आपल्या हाताने कमी करणे होय.

मोटर शक्यतो कार्बन ब्रश नसलेली, म्हणजे ‘ब्रशलेस’ घ्यावी. कार्बन झिजण्याची कटकट नाही, घर्षण कमी आणि एका चार्जिंगमध्ये काम अधिक. वेगाचे दोन-तीन टप्पे असावेत. उलट दिशेने फिरताना नट सुटताच आपोआप थांबण्याची सोय काही नमुन्यांत असते. ती असल्यास नट उडून गाडीखाली हरवत नाही.

सॉकेटविषयी एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. हातपान्याची चकचकीत क्रोमची सॉकेटे गनला लावू नयेत. ती कठीण असतात, पण ठोक्यांखाली तडकून त्यांचे तुकडे उडू शकतात. गनसाठी जाड भिंतीची, काळी, सहा कोनी इम्पॅक्ट सॉकेटे वेगळी मिळतात, तीच वापरावी. डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर संरक्षण असावे. या यंत्राचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. गेलेले ऐकू येणे कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ‘मोडेन पण वाकणार नाही’ हा बाणा माणसाला शोभत असेल, चाकाच्या स्टडला तो शोभत नाही. नट आवळला म्हणजे स्टड स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो, आणि मूळ लांबीवर परत येण्याची त्याची ओढच चाकाला घट्ट धरून ठेवते. ताण कमी पडला तर नट सैल होतो. ताण मर्यादेपलीकडे गेला तर स्टड कायमचा लांबतो आणि पकड गमावून बसतो. आटे खराब होतात, ब्रेकची तबकडी वाकडी होऊन पेडल थरथरते. आपला ठोका कोठे थांबवावा, हे गनला कळत नाही. एकाच क्षणाच्या चापाने नवा नट एका मापावर बसतो आणि गंजलेला दुसऱ्याच. मग चाप धरणाऱ्याला तरी ते कसे कळावे?

म्हणून रीत अशी असावी. नट प्रथम हाताने दोन-चार फेरे फिरवून आटे नीट धरले आहेत याची खात्री करावी. मग गनच्या सर्वांत मंद टप्प्यावर, समोरासमोरचे नट घेत, ते केवळ टेकवावेत. गाडी जमिनीवर उतरवावी आणि अखेरचा पीळ मापाच्या पान्याने, म्हणजे टॉर्क रेंचने, पुस्तिकेतल्या आकड्यावर द्यावा. ‘टक्’ आवाज आला की थांबावे. पुस्तिकेने सांगितल्यावाचून स्टडला तेल किंवा ग्रीस लावू नये. कारण निसरड्या आट्यांवर त्याच मापाने ताण अधिक बसतो. पन्नास-शंभर किलोमीटर धावल्यावर नट पुन्हा एकदा तपासावेत.

यावर कारागीर म्हणेल, “साहेब, एवढा वेळ कोणाला आहे?” त्याचा प्रश्न खोटा नाही. गिऱ्हाईक घाईत असते आणि मजुरी चाकामागे मिळते. पण चार चाकांना मापाचा पाना लावण्यास पाच मिनिटे पुरतात, आणि ती पाच मिनिटे मागणे हा आपला, गिऱ्हाइकांचा, धर्म आहे. आपण घाई केली तर त्यानेही घाई केली, एवढेच म्हणावे लागेल. जो कारागीर न सांगता मापाचा पाना उचलतो त्याला दोन रुपये अधिक द्यावेत आणि त्याचे दुकान सोडू नये.

तेव्हा गन घ्यावयास निघालेल्या तरुण कारागिराला माझे सांगणे एवढेच, की खिशातल्या रकमेतून टॉर्क रेंच आणि काळ्या सॉकेटांचे पैसे अगोदर बाजूला काढावेत आणि उरलेल्यात बसेल ती गन घ्यावी. डब्यावरचा आकडा शे-दोनशेंनी कमी आला तरी चिंता नाही. हट्टी नट अर्ध्या मिनिटाने उशिरा सुटेल. पण बसविलेले चाक मात्र वाटेत सुटणार नाही, आणि रात्री रस्त्यावर अडकलेल्या माणसाच्या हाताला ते हलेल.