ओवी, आरती आणि भगवी वस्त्रे

(एका अभ्यासवर्गातील भाषणाचा संपादित अंश)



चर्चने भारतात धर्मप्रसार करताना येथील संस्कृतीशी कसे जुळवून घेतले, हा आजचा विषय. चर्चच्या परिभाषेत या प्रक्रियेला ‘इनकल्चरेशन’ म्हणतात. या विषयावर आवेशाने बोलणे सोपे आहे. पण आवेशाआधी अभ्यास हवा.

प्रारंभ आपल्याच भाषेपासून करू. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक १५७९ साली गोव्यात आला. येथील भाषा त्याने आत्मसात केली आणि १६१६ साली त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ! धर्मांतरितांच्या कानांतून पुराणांची गोडी गेली नव्हती. ती भूक भागवायची तर त्यांच्याच छंदात दुसरी कथा द्यावी लागेल, हे त्याने ओळखले. मराठीवरील त्याचे प्रेम निखळ होते, हे आपण मोकळ्या मनाने मान्य करावे. त्याचा हेतूही तितकाच स्पष्ट होता.

पुढे काय घडले? १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. १७३६ साली इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्याने ख्रिस्ती घरांच्या अंगणातील तुळस, पुरुषांचे धोतर आणि लग्नात गायिल्या जाणाऱ्या ओव्या यांवर बंदी घातली. ज्या ओवीच्या खांद्यावर बसून ख्रिस्तकथा घराघरांत पोहोचली, तीच ओवी आता अपराध ठरली!

दक्षिणेतही असेच घडले. रॉबर्टो द नोबिली १६०६ साली मदुराईत आला. त्याने भगवी वस्त्रे धारण केली, मांसाहार सोडला, तमिळ व संस्कृतचे अध्ययन केले. जानवे आणि शेंडी यांवरून चर्चमध्येच वादळ उठले. १६२३ साली पोपने त्यांना सशर्त अनुमती दिली. १७४४ साली दुसऱ्या पोपने अशा अनेक प्रथांवर कडक निर्बंध घातले.

यातून एक सूत्र हाती लागते. संस्कृतीशी जुळवून घेणे हा येथील समाजाचा अधिकार मानला गेला नव्हता. ती वरून मिळणारी आणि वरूनच काढून घेतली जाणारी सवलत होती. १९६२ ते १९६५ या काळातील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर वारे पुन्हा फिरले. १९६९ साली आरती, नमस्कार, जमिनीवर मांडी घालून बसणे अशा बारा गोष्टींना उपासनेत स्थान मिळाले. पण तेही रोमच्या मान्यतेनंतरच. १९९९ साली पोप जॉन पॉल द्वितीय यांनी दिल्लीत येऊन, तिसऱ्या सहस्रकात आशिया खंडात श्रद्धेचे मोठे पीक हाती येवो, अशी आकांक्षा जाहीर केली. तेथेच प्रसृत झालेल्या दस्तऐवजात इनकल्चरेशनवर स्वतंत्र विवेचन आहे. म्हणूनच प्रश्न विचारावा लागतो : आरतीचे तबक आदरापोटी हाती घेतले आहे, की पिकाच्या आशेने?

मात्र सर्वांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. पण अभंग आणि कीर्तन त्यांनी धोरण म्हणून स्वीकारले नव्हते, ते त्यांच्या रक्तातच होते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते सांगत. १९१७ साली मिशनची चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यांचा मार्ग आपल्याला मान्य नसेल. त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे कारण नाही.

आता एक कटू गोष्ट. नोबिलीच्या परंपरेने आपल्याकडून केवळ भगवी वस्त्रे उचलली नाहीत, जातिभेदही उचलला. उच्चवर्णीयांसाठी वेगळे धर्मोपदेशक, इतरांसाठी वेगळे! त्याची सावली इतकी लांबली की २००३ साली पोपना तमिळनाडूच्या बिशपांना जातिभेद सोडण्याविषयी बजावावे लागले. समतेच्या आशेने गेलेल्या बांधवांना तेथेही वेगळी रांगच मिळाली. चर्चने याचे उत्तर द्यावे, हे खरेच. पण उसनवारीत गेलेले हे दुखणे मूळचे कोणाचे? ते आपल्याच घरचे आहे.

तेव्हा कोणी ओवी गायिली, समई लावली म्हणून अस्वस्थ होण्यात अर्थ नाही. ओवी सर्वांची आहे. आपली कसोटी वेगळी आहे. ज्या पाड्यावर, ज्या वस्तीत कोणी परका आपली भाषा शिकून जातो, तेथे आपण आपल्याच भाषेत, बरोबरीच्या नात्याने किती वेळा गेलो? तेथल्या माणसाला आपल्या देवळात आणि आपल्या पंक्तीत मानाचे स्थान आहे काय? याचे उत्तर भाषणांतून मिळणार नाही. ते आचरणातून द्यावे लागेल.