चुका मोजणे आणि चुका वाचणे



लिहावयास शिकविणे हे शाळेचे काम. विद्यापीठात पोहोचलेल्या विद्यार्थ्याला ते शिकविण्याची गरज उरत नाही, असा समज सर्वत्र आढळतो. अमेरिकेतील विद्यापीठांचा दीडशे वर्षांचा अनुभव याच्या अगदी उलट आहे. तेथे इंग्रजी ही बहुतेकांची मातृभाषा. तरीही अनेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला इंग्रजी लेखनाचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो आणि त्यापुढे प्रगत लेखनाचे स्वतंत्र वर्ग चालतात. हे वर्ग चालविताना तेथील अध्यापकांना जे शहाणपण आले ते कष्टाने आलेले आहे. खेड्यातील शिक्षकालाही ते उपयोगी पडावे.

१८७४ साली हार्वर्ड विद्यापीठाने प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंध आवश्यक केला. नामांकित शाळांतून आलेल्या मुलांचे निबंधही परीक्षकांना सदोष वाटले. प्राध्यापक ॲडम्स शर्मन हिल यांनी लेखनाचा अभ्यासक्रम उभारला आणि १८८५ पासून तो पहिल्या वर्षाला सक्तीचा झाला. पुढे बॅरेट वेंडेल यांच्या प्रगत वर्गात विद्यार्थी रोज एक लहानसा मजकूर लिहून देऊ लागले. रोज लिहिल्याने हात वळतो, हे खरेच. परंतु कागदांचे ढीग वाढले, तपासणारे थकले आणि तपासणे म्हणजे तांबड्या शाईने चुका मोजणे, असे रूप या कामाला येत गेले. इंग्रजीच्या शिक्षकांची राष्ट्रीय परिषद १९११ मध्ये स्थापन झाली. तिच्या मासिकाच्या १९१२ मधील पहिल्याच अंकात एडविन हॉपकिन्स यांनी प्रश्न विचारला, की सध्याच्या परिस्थितीत निबंधलेखन चांगले शिकविता येईल काय? त्यांनी स्वतःच दिलेले उत्तर नकारार्थी होते. एका शिक्षकावर सोपविलेले विद्यार्थी व त्यांचे कागद माणसाच्या शक्तीपलीकडचे होते, हे त्याचे मुख्य कारण. पन्नास वह्यांचा गठ्ठा घरी नेणाऱ्या शिक्षकाला हे उत्तर समजावून सांगावे लागणार नाही.

या प्रश्नाला नवे वळण मिळाले ते १९७० मध्ये. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या नगर विद्यापीठाने शहरातील माध्यमिक शाळा उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकास प्रवेशाची हमी दिली. ज्यांच्या घरात पूर्वी कोणी महाविद्यालय पाहिले नव्हते, ज्यांची घरची बोली पुस्तकी इंग्रजीहून निराळी होती, असे हजारो तरुण वर्गात येऊन बसले. त्यांचे लिखाण पाहून कित्येक अध्यापकांनी हात टेकले. ही मुले उच्च शिक्षणास पात्रच नाहीत, असे उघड बोलले जाऊ लागले.

सिटी कॉलेजमधील मिना शॉनेसी यांनी मात्र तेच कागद पुन्हा वाचावयास घेतले. त्यांनी सुमारे ४००० निबंध अभ्यासले आणि १९७७ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. या चुका बेफिकिरीच्या किंवा मंदबुद्धीच्या नव्हेत. बहुतेक चुकीमागे काही ना काही तर्क असतो, हे त्यांनी दाखवून दिले. विद्यार्थी ऐकलेला नियम अर्धवट लावतो, किंवा नको तेथेही लावतो. शिवाय चुकीच्या धास्तीने तो लेखणी आखडती घेतो. विचार पुष्कळ असतात, पण कागदावर दोनच ओळी उतरतात, कारण दोन ओळींत चुका कमी होतात.

हे चित्र महाराष्ट्रातील खेड्याच्या शाळेत अपरिचित नाही. घरी ‘पानी’ म्हणणारा मुलगा वहीत ‘पानी’ लिहितो आणि शिक्षक त्यावर रेघ ओढतात. काही दिवसांनी तोच मुलगा ‘मन’ या शब्दाऐवजी ‘मण’ लिहितो. तांबड्या शाईच्या हिशेबी या दोन चुका झाल्या. वस्तुतः दुसरी चूक ही प्रगतीची खूण आहे. शाळेच्या भाषेत ‘ण’ नावाचा वेगळा ध्वनी आहे, हे त्याने ओळखले. तो कोठे येतो, एवढेच शिकावयाचे राहिले. अशा वेळी गुण कापणारा शिक्षक त्याच्या शिकण्यालाच दंड करतो. उलट ‘मन’ आणि ‘मण’ हे दोन्ही शब्द फळ्यावर मांडून त्यांचे अर्थ विचारणारा शिक्षक पाच मिनिटांत अर्ध्या वर्गाची अडचण दूर करू शकतो.

मूल लिहिते कसे, याकडेही याच काळात लक्ष गेले. जॅनेट एमिग यांनी बारावीच्या आठ विद्यार्थ्यांना मोठ्याने बोलत लिहावयास सांगून त्यांचे निरीक्षण केले. तो अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. लेखन सरळ रेषेत होत नाही. लिहिणारा थांबतो, मागे वळतो, खोडतो, पुन्हा जुळवितो, हे त्यातून स्पष्ट झाले. म्हणून खाडाखोड हा दोष न मानता तिला वेळ व जागा देणे, हा लेखनशिक्षणाचा भाग ठरला. १९७४ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जेम्स ग्रे यांनी सुरू केलेल्या उपक्रमात शाळाशिक्षक उन्हाळ्याच्या सुटीत एकत्र येऊन स्वतः लिहू लागले, एकमेकांस वाचून दाखवू लागले. ज्याने स्वतः कोऱ्या कागदाची धास्ती अनुभवली आहे, त्यालाच मुलाची धास्ती कळते, हे त्या उपक्रमाचे मर्म होय.

यासाठी ग्रंथालय लागत नाही की वेगळे अनुदान लागत नाही. आठवड्यातून एकदा दहा ओळींचे लेखन, विषय मुलाच्या पाहण्यातला: नांगरणी, बाजाराचा दिवस, आजीचे दुखणे. तपासताना आधी मुलाला काय सांगावयाचे आहे ते वाचावे, आणि त्यातील एक चांगले वाक्य वर्गाला ऐकवावे. मग सर्व वह्यांत मिळून जी एक चूक वारंवार आढळेल, तेवढीच त्या आठवड्यात शिकवावी. बाकीच्या चुकांना त्यांची पाळी येईल. पुढल्या वेळी तोच मजकूर सुधारून लिहावयास द्यावा. आणि मुले लिहीत असताना शिक्षकाने खुर्चीत बसून त्याच विषयावर दहा ओळी लिहाव्यात, त्या खाडाखोडीसह मुलांना दाखवाव्यात.

न्यूयॉर्कच्या तरुणांना अपात्र ठरविण्यास तांबड्या शाईची एक दौत पुरेशी होती. त्यांना शिकविण्यासाठी कोणीतरी त्यांचे कागद मनापासून वाचणे आवश्यक होते. तिसरीच्या वर्गात ज्याची वही कोणी अशी वाचली, तो मुलगा चौथीत लिहिण्यास कचरणार नाही. ज्याची वही नुसतीच रंगविली गेली, तो पुढे सहीपुरते लिहील आणि आपले म्हणणे मनातच ठेवील. या दोघांतील अंतर शिक्षकाच्या वाचण्यावर अवलंबून आहे.