बुळकांडी गेली, शेळ्यांचे काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी दरवर्षी कोणी बालसंगोपनावर बोलते, कोणी काटकसरीवर. यंदा चिटणीसबाईंनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हटले, "जनावरांच्या हगवणीवर बोलेन." त्या हसल्या. विषय सभेला शोभेसा नाही, हे खरे. परंतु गोठा झाडणाऱ्या, धार काढणाऱ्या, शेळीपुढे पाला टाकणाऱ्या आपणच. जनावराचे पोट बिघडले हे घरात सर्वांआधी कळते तेही आपल्यालाच. तेव्हा हा विषय आपल्याच सभेचा आहे.

आधी माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे अकरा शेळ्या होत्या. दिवाळीच्या तोंडावर बाजारात आणखी एक शेळी स्वस्तात मिळाली. त्याच संध्याकाळी मी तिला इतर शेळ्यांच्या दावणीला बांधले. पाच-सहा दिवसांत एकेकीला ताप भरला. डोळ्यांना चिपडे, नाकातून शेंबूड, तोंड आतून सोललेले आणि मग घाण वासाची पातळ हगवण. शेजारीण म्हणाली, "पाला बाधला असेल." मीही तेच धरून बसले. तीन दिवसांत एक शेळी आणि दोन करडे गेली.

मी घाबरले. ज्या चार शेळ्यांना अजून काही दिसत नव्हते, त्या आठवडी बाजारात नेऊन विकल्या. निदान तेवढे पैसे तरी वाचतील, असा हिशेब केला. घेणारी माझ्यासारखीच एक बाई होती. तिच्याबरोबर लहान मुलगी होती. तीच दोरी धरून शेळ्यांना घेऊन गेली. पुढे त्यांच्या दावणीला काय झाले ते मी पाहिले नाही, पण आज मला ते न पाहताही समजते. आणि मला मिळालेली शेळी स्वस्त का होती, तेही समजते. विकणाऱ्याने माझ्यासारखाच हिशेब केला असणार. भगिनींनो, आम्ही दोघांनी शेळ्यांबरोबर रोगही विकला.

या रोगाला डॉक्टर पीपीआर म्हणतात. आपल्याकडे त्याला शेळ्यांची बुळकांडी म्हणतात, आणि ते नाव बरोबर आहे. कारण गाईबैलांच्या बुळकांडीचा विषाणू आणि हा विषाणू एकाच कुळातले आहेत. आपल्या सासूबाई-आजेसासूबाईंना बुळकांडी काय ते सांगावे लागत नसे. ताप, तोंडात फोड, रक्तमिश्रित हगवण, आणि आठवड्या-दीड आठवड्यात जनावर खलास. पेरणीच्या तोंडावर बैलजोडी गेली की त्या घराची त्या वर्षीची शेतीच बसे.

या रोगापायी सरकारने 1871 साली जनावरांच्या साथींवरील चौकशी समितीचा अहवाल काढला. पुढे 1889 साली आपल्या पुण्यातच जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा सुरू झाली. रोगाचे जंतू हाताळायचे ते वस्तीपासून दूर असावे, म्हणून ती 1893 साली हिमालयात मुक्तेश्वरला नेली. तेथेच पुढे शेळीच्या शरीरातून नेऊन सौम्य केलेल्या विषाणूची लस तयार झाली. म्हणजे बैलाला वाचविण्यासाठी पहिली मदत झाली ती शेळीची! ही गोष्ट मला फार आवडते.

1954 साली देशभर बुळकांडी निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. तेव्हा आपले जालना हैदराबाद राज्यात, औरंगाबाद जिल्ह्याचा एक तालुका होते. आपला स्वतंत्र जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला. राज्ये बदलली, जिल्हे बदलले, पण लस टोचण्याचे काम चालूच राहिले. भारतात बुळकांडीची शेवटची लागण 1995 साली दिसली. 2006 साली आपला देश या रोगापासून मुक्त ठरला, आणि 2011 साली साऱ्या जगातून हा रोग गेल्याचे जाहीर झाले. माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला पहिला रोग देवी, आणि दुसरा ही बुळकांडी. आज आपल्या सुनांना तो शब्द ठाऊक नाही, यासारखे भाग्य नाही.

हे कशाने झाले? लस होती, हे खरेच. पण नुसत्या लसीने झाले नाही. कोठे साथ आली की लोकांनी ती लपवली नाही, दवाखान्याला कळवली, आजारी जनावर बाजारात नेले नाही, तेव्हा ती लस कामाला आली. पूर्वी साथ आली म्हणजे मरीआईचा गाडा शिवेवर नेऊन सोडीत. भक्तिभाव ज्याचा त्याच्यापाशी. त्याला मी नावे ठेवीत नाही. पण शिवेपलीकडेही गाव असते, तेथेही कोणाची दावण असते. मी चार शेळ्या बाजारात नेल्या, तेव्हा मीही तो गाडाच पुढच्या गावाच्या शिवेवर सोडून आले होते.

आता शेळ्यांकडे वळू. हा रोग 1942 साली आफ्रिकेत प्रथम ओळखला गेला, आणि आपल्या देशात 1987 साली तामिळनाडूत आढळला. त्याआधी शेळी-मेंढीला असे झाले की ती बुळकांडीच समजली जाई. हा रोग माणसाला होत नाही, तेव्हा आजारी शेळीची सेवा करायला भिऊ नये. आजारी शेळीच्या श्वासातून, शेंबडातून आणि लेंड्यांतून तो जवळच्या शेळीला लागतो. विषाणूवर औषध नाही. डॉक्टर देतात ती औषधे मागाहून होणाऱ्या न्यूमोनियासारख्या दुखण्यांसाठी असतात. पण प्रतिबंधक लस आहे, आणि ती आपल्याच देशातली. हिमाचल प्रदेशातील सुंगरी येथल्या विषाणूपासून मुक्तेश्वरच्या शास्त्रज्ञांनी ती केली. एकदा टोचली की निदान तीन वर्षे पुरते. करडू तीन-चार महिन्यांचे झाले की टोचून घ्यावी. शेळी आजारी पडल्यावर लस शोधू नये. ती निरोगी जनावरासाठी आहे.

जगातून हा रोगही 2030 पर्यंत घालवावा, असा राष्ट्रांचा संकल्प आहे. तो दिल्ली-मुंबईत पुरा व्हायचा नाही. शेळी ही गरिबाची गाय, आणि गरिबाची गाय सांभाळते ती बाई. भोकरदनपासून मंठ्यापर्यंत आपल्या जिल्ह्यात दारातल्या शेळ्यांच्या जिवावर किती घरांतल्या मुलींची वह्या-पुस्तके येतात, ते आपण जाणतो.

म्हणून काही साध्या गोष्टी सांगते. विकत आणलेली शेळी तीन आठवडे वेगळी बांधावी, तिचे पाणी आणि वैरण वेगळी असावी. हगवण आणि डोळ्या-नाकातून पाणी एकदम दिसले तर पाल्यावर खापर फोडू नये. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. आजारी शेळीला सावलीत ठेवून पाणी पाजीत राहावे, कारण हगवणीत जीव जातो तो पुष्कळदा अंगातले पाणी गेल्याने. मेलेले जनावर ओढ्यात टाकू नये, खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे.

आता वासरांविषयी थोडेसे. कोवळ्या वासराच्या हगवणीमागे पुष्कळदा रोटा नावाचा विषाणू असतो. त्याच्याच जातीचा विषाणू आपल्या बाळांना होतो. दीड महिन्याच्या बाळाला दवाखान्यात थेंब पाजतात, ते त्यासाठीच. वासराला मात्र जन्मतः कसलेच संरक्षण नसते. आपल्या बाळाला पोटात असतानाच आईकडून थोडी प्रतिकारशक्ती मिळते. गाईच्या वासराला ती मिळते फक्त चिकातून. वासरू जन्मल्यावर तासा-दोन तासांत त्याच्या पोटात चीक गेला पाहिजे. पहिल्या दिवशी त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे पंचवीस किलोच्या वासराला अडीच लिटर, थोडाथोडा करून पाजावा. दिवस उलटला की त्याचे आतडे ती शक्ती घेईनासे होते. करडांनाही हेच लागू.

येथे आपल्यालाच कान पकडावे लागतील. गाय व्याली की आपल्याला आठवण होते खरवसाची! शेजारी वाटी पाठवायची असते, जावई यायचा असतो. वाटी जरूर पाठवा, पण वासराचे पोट भरून उरलेल्या चिकाची. खरवस पुन्हा होईल. वासराचा पहिला दिवस पुन्हा येत नाही.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपण एक वही घालू. आळीवार कोणाकडे किती शेळ्या, लस कधी टोचली, करडे कधीची, एवढेच तीत लिहू, म्हणजे दवाखान्यातून लस देणारे आले की एकही दावण सुटणार नाही. आणि दुसरे, त्याहून महत्त्वाचे. मी शेळ्या विकल्या त्या दुष्टपणाने नव्हे, नड होती म्हणून. नड असलेल्या बाईला नुसता उपदेश पुरत नाही. जिच्या घरी साथ शिरेल तिने बाजाराचा रस्ता धरण्याआधी मंडळाचे दार ठोठवावे, आणि आपल्या बचतीतून तिला बिनव्याजी थोडी रक्कम मिळावी. असा निर्णय आज झाला, तर त्या दिवशी दोरी धरून गेलेल्या मुलीचे माझ्यावरचे ऋण थोडे तरी फिटेल.